डावा दिवा

आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीला घरात सगळे डबा म्हणतात. मोटार आत घेतली की पुढचं शटर पाडायचं, बाजूचं लहान दार लावायचं, आणि मग आत उरतात मोटार, तिचे दोन दिवे आणि मी. पंखा नाही, कारण पंख्याने धूळ उडते. एक खिडकी होती, ती माझ्या नवऱ्याने स्वतः पत्रा ठोकून बंद केली. जमिनीवर पाणी शिंपडलेलं असतं. लहान दाराची आतली कडी केव्हाच तुटली. रस्त्यावरून ट्रक गेला की दार हादरून उघडतं आणि धूळ आत येते. म्हणून मी आत गेले की कोणीतरी बाहेरून कडी घालतं. काम झालं की मी भिंतीवर दोनदा ठोकते, मग कडी निघते. अकरा वर्षं असं चाललं आहे. नवी कडी आणायला हवी, असं अधूनमधून कोणीतरी म्हणतं.

काम सांगायला सोपं आहे. मोटारीच्या पुढच्या दिव्यांवर जाड, पारदर्शक फिल्म चढवायची. मग उडालेला खडा दिव्याला लागत नाही, फिल्मला लागतो, आणि उन्हाने काच पिवळी पडत नाही. दिवा साबणाने धुवायचा, पिवळा असेल तर ओल्या पॉलिश पेपरने घासून नितळ करायचा, स्पिरिटने पुसायचा. मग साबणाच्या पाण्याचा फवारा मारून फिल्म ठेवायची आणि रबराच्या पट्टीने मधून कडेला पाणी काढत न्यायचं. वळणावर गरम हवा देऊन ताणायची. पाण्याचा बारीक बुडबुडा राहिला तर आठवड्यात सुकून जातो. पण धुळीचा कण किंवा केस आत गेला की गेला. तो तिथेच राहतो, रोज दिसतो.

मी दुपारी बारापर्यंत बोलत नाही. नवरा आजारी होता तेव्हा देवापुढे कबूल केलं होतं, की सकाळचं मौन पाळीन आणि तोंडातून खोटं काढणार नाही. नवरा गेला. मौन सोडायला कारण सापडलं नाही, म्हणून ते राहिलं. घराला त्याची सवय झाली आहे. धाकटी जाऊ म्हणते, "बारापर्यंत ताईंना काही सांगावं, बारानंतर काही विचारावं." दुकानालाही त्याचा उपयोग झाला. मोटार डब्यातून निघण्याआधी मी दोन्ही दिव्यांवरून हात फिरवते आणि 'झालं' म्हणते. त्या एका शब्दावर भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली देतात. सकाळचं काम असेल तर गिऱ्हाईक बारापर्यंत थांबतं. भाऊजी सगळ्यांना सांगतात, "वहिनी झालं म्हणाल्या ना, मग देव जरी भिंग घेऊन आला तरी काही सापडणार नाही."

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तिला लहानपणापासून सगळे बारकी म्हणतात. तिला जमीन मोजायच्या आणि नकाशे काढायच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता, दुसऱ्या गावी, दोन वर्षांच्या. सोमवारी सकाळच्या बसने जायचं होतं. वसतिगृहाच्या कागदावर पालक म्हणून काकांची सही हवी होती. तो कागद पंधरा दिवस दुकानातल्या टेबलावर, टेपच्या रिळाखाली पडला होता. भाऊजी नाही म्हणाले नव्हते. बघू, असं म्हणाले होते.

चूक माझ्या हातून झाली, आणि ती अभिमानातून झाली. मागच्या उन्हाळ्यात बारकीला वेळ होता, म्हणून मी तिला डब्यात घेतलं. पट्टी कशी धरायची, पाणी कुठून काढायचं, गरम हवा किती लांबून द्यायची, सगळं दाखवलं. आठ दिवसांत तिचा हात माझ्यापेक्षा चांगला पडायला लागला. मी ताणून बसवते. ती नुसतं ठेवते आणि फिल्म बसते. मला फार आनंद झाला. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला, असं तिला म्हणायला नको होतं, पण मी म्हटलं.

बस सुटायच्या आधीच्या आठवड्यात माझं वर्षभर दुखणारं मनगट सुजलं होतं. बुधवारी गाडी शिकवणाऱ्या मास्तरांची मोटार आली. मास्तर शिकाऊ मुलांना घेऊन दिवसभर फिरतात, आणि मुलं खडीच्या रस्त्यावर पुढच्या ट्रकला अगदी चिकटून चालवतात, त्यामुळे त्यांच्या दिव्यांना चरेच चरे पडतात. उजवा दिवा मी केला. डाव्याला हात घातला तेव्हा पट्टी बोटांतून सुटली. बारकीने ती उचलली, मला स्टुलावर बसवलं आणि डावा दिवा पुरा केला. ते कोणाला कळायचं काही कारण नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मास्तर परत आले. मला वाटलं, काही सुटलं. ते मोटारीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"काय हो शेठ," ते भाऊजींना म्हणाले, "उजवा दिवा सासूने केला आणि डावा सुनेने, असं काही आहे का तुमच्याकडे?"

"का, काय झालं?"

"उजवा चांगलाच आहे. पण डाव्यावर फिल्म आहे हेच कळत नाही. कड शोधायला मला चष्मा पुसावा लागला. माझ्या आणखी चार गाड्या आहेत. चारही देतो. पण डावा ज्याने केला त्याच्याच हातून."

भाऊजींनी वाकून डावा पाहिला, मग उजवा. मग माझ्या मनगटावरच्या पट्टीकडे पाहिलं.

"वहिनी, डावा कोणी केला?"

सकाळचे नऊ वाजले होते. त्या दिवशी मौनाच्या आडोशाला उभी राहिले, हे मलाच कळत होतं.

"आईनेच केला," बारकी आतून म्हणाली.

धाकटी जाऊ चहाचे कप उचलत होती. ती मनाने वाईट नाही, पण तिच्या पोटात काही राहत नाही. "बुधवारी तर ताईंच्याने पातेलं उचलवत नव्हतं," ती म्हणाली. "मीच कडी घातली. दोघी आत होत्या."

भाऊजींनी पुन्हा डाव्या दिव्यावर हात फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मोठी काळजी मिटल्यावर माणूस दिसतो तसे ते दिसत होते. वर्षभर ते माझ्या मनगटाकडे बघत होते. हिचा हात गेला तर डब्यात कोण, हे ते कोणाशी बोलत नव्हते, पण रात्रंदिवस त्यांच्या डोक्यात तेच होतं. आता त्यांना उत्तर मिळालं होतं, घरातल्या घरात.

"उद्या दुसरी गाडी पाठवा मास्तर," ते म्हणाले. "उजवा वहिनी करतील, डावा बारकी. बघू या."

"काका, सोमवारी माझी बस आहे," बारकी म्हणाली.

"बस काय, रोज असते. एक वर्ष थांब. वर्षभरात वहिनींचा हात बरा होईल, मग जा. मी कुठे नको म्हणतोय."

माझा नवरा गेला तेव्हा हेच भाऊजी मला म्हणाले होते, एक वर्ष डबा सांभाळा वहिनी, तोवर मी माणूस बघतो. खोटं बोलले नव्हते. खरंच बघत होते. पहिल्या वर्षी दोन माणसं येऊन गेली, त्यांच्याने आतला कोंडमारा सोसवला नाही. दुसऱ्या वर्षी माणूस शोधणं थांबलं. कोणी ठरवून थांबवलं नाही.

त्या दिवशी बारा वाजले तेव्हा मी जिन्याखाली कपडे पिळत होते. भाऊजी दोनदा डोकावले, मी दोन्ही वेळा पाठ केली. संध्याकाळी बारकी माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या मनगटाला तेल लावू लागली.

"आई, तू त्यांना इतकंच सांग, की हिला जमत नाही. तुझ्या शब्दापुढे काका काही बोलणार नाहीत."

"तुला जमतं."

"ते मला माहीत आहे. तुला माहीत आहे. त्यांना कशाला कळायला हवं?"

"बाळा, ते खरं नाही."

तिचा हात थांबला. मग परत फिरू लागला, पण आता जरा जोरात.

"मुद्दाम वाईट करू का मग?"

"मी कसं सांगू तुला, वाईट कर म्हणून?"

"तू काहीच सांगू नकोस," ती म्हणाली. "तुझं खरं तुझ्याजवळ ठेव. मला बाहेर काढायला ते तुझ्या उपयोगाचं नाही, एवढंच मी समजते."

तिने बाटलीचं झाकण लावलं आणि उठून गेली. मी देवासमोर बसले. काही मागितलं नाही. काय मागायचं तेच कळेना. मुलगी सुटावी असं मागायचं, तर ती दुसऱ्या कोणी नाही, मीच अडकवली होती.

शनिवारी साडेदहाला मास्तरांची दुसरी गाडी डब्यात घेतली. पांढरी, पुढे शिकाऊ गाडीचा लाल फलक लावलेला. शटर खाली आलं. जावेने बाहेरून कडी घातली आणि म्हणाली, "दोघींना मिळून एकच डबा," आणि आपल्याच विनोदावर हसत गेली.

आत उकडत होतं. मी उजव्याला लागले. मनगटावर पट्टी घट्ट आवळली होती, त्यामुळे कळ कोपरापर्यंत जाऊन तिथेच थांबत होती. एकीकडे माझं लक्ष डाव्याकडे होतं. बारकी खाली बसली होती. तिने दिवा पुसला, तिरकी होऊन उजेडात पाहिला, परत पुसला. फिल्म पाण्याने भिजवली, दोन कोपरे दोन बोटांत धरले आणि दिव्यावर सोडली. पट्टीचा पहिला हात मधून वर, दुसरा मधून खाली. वळणावर गरम हवा देताना तिने ओठ दातांखाली धरला होता, लहानपणी सुईत दोरा ओवताना धरायची तसा. फिल्म वळणावर बसली. कुठे सुरकुती नाही. मी पाहत राहिले. मला वाटलं, हिला वाईट करताच येत नाही. हात ऐकत नाही तिचा.

एक कड अजून मोकळी होती. बारकीने हात पुसले. मग वेणीतून एक लांब केस ओढून तोडला. माझ्याकडे पाहिलं. मी हातातली पट्टी तशीच धरून उभी. तिने फिल्मची कड उचलली, आत पाण्याचा फवारा मारला, केस बोटाच्या टोकावर घेऊन बरोबर दिव्याच्या मधोमध ठेवला आणि कड परत खाली सोडली. मग पाणी काढलं, नेहमीसारखंच नीट, मधून कडेला. केस आत एका वळणात स्थिर झाला.

मी हात पुढे करून तिला अडवू शकले असते. हाताला मौन नव्हतं. मी नाही अडवलं.

उजवा दिवा पुरा व्हायला बारा वाजून गेले. मी भिंतीवर दोनदा ठोकलं. कडी निघाली. शटर वर गेलं आणि बाहेरचा उजेड एकदम डोळ्यांत आला. भाऊजी आणि मास्तर दोघेही उभे होते. भाऊजींच्या हातात बॅटरी होती. त्यांनी ती डाव्यावर मारली, वरून, खालून. त्यांचे डोळे जवळचं नीट बघत नाहीत, ते कडा बघतात. कडा सुरेख होत्या.

"कड तर सरस आहे," ते म्हणाले. "वहिनी, झालं का?"

बारकी भिंतीला टेकून उभी होती, माझ्याकडे न बघता.

"डाव्यात केस आहे," मी म्हणाले.

ते खरं होतं. ते म्हणताना मला हलकं वाटलं. माझी जबाबदारी एवढीच, असं वाटलं.

भाऊजींनी खिशातून चष्मा काढून लावला आणि डोळा दिव्याजवळ नेला. "हो की. आहे." ते सरळ झाले आणि हसले. "एक केस. अहो, पहिल्या वर्षी दादाच्या हातून एका दिव्यात आख्खी मुंगी गेली होती. ती गाडी दोन वर्षं मुंगी घेऊन फिरली. शिकेल. सहा महिन्यांत शिकेल."

"केस बांधून बस म्हणावं," मास्तर म्हणाले. "आमच्याकडे तर मुलं भिंतीवर गाडी घालतात, तरी आम्ही परवाना मिळवून देतो."

सगळे हसले. बारकीही हसली, पण तिचा चेहरा उतरला होता. केसाने काही झालं नव्हतं. खरं सांगूनही काही झालं नव्हतं. दार जिथे होतं तिथेच होतं.

मग भाऊजी माझ्याकडे वळले. आवाज खाली आणला. "वहिनी, मी तुम्हाला विचारतो. मास्तर काय, आज आहेत, उद्या नाहीत. तुम्ही अकरा वर्षं हे काम केलं. पोरीच्या हातात हे काम आहे का? तुम्ही हो म्हणालात तर ती राहील. नाही म्हणालात तर मी आत्ता सही करतो. तुम्ही सांगाल ते."

त्यांनी हे कपटाने विचारलं नाही. विश्वासाने विचारलं. या घरात माझ्या शब्दावर असा विश्वास ठेवणारे तेच एक होते. बाकीचे त्यावर विनोद करत.

"नाही," मी म्हणाले.

"नाही?"

"हिला जमणार नाही. मी उन्हाळाभर शिकवून पाहिलं. हात जड आहे तिचा."

बारकीने मान वर केली.

माझा आवाज मला परका वाटला, पण तो अडखळला नाही. खोटं बोलताना जीभ अडखळेल असं मला वाटलं होतं. ती नेहमीसारखीच चालली.

"मग बुधवारचा डावा?" मास्तरांनी विचारलं. ते गाडी शिकवणारे, त्यांचं लक्ष सगळीकडे असतं. "तो मी शोधून शोधून बघितला. तो कोणाचा?"

"माझा."

"या हाताने?"

"औषध घेतलं होतं. कळ नव्हती."

हे तिसरं खोटं. पहिल्यानंतर मी मोजायला लागले होते, तिथे मोजणं सोडलं.

भाऊजींनी एकदा बारकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी मान हलवली. त्यांनी विश्वास ठेवला. आत जाऊन टेपचं रीळ बाजूला केलं, पेन झटकलं आणि उभ्या उभ्या सही केली. कागद बारकीच्या हातात देताना म्हणाले, "जमीन मोजायला तरी केस सांभाळ, नाहीतर नदी काढशील नकाशात."

"हो काका," ती म्हणाली.

"आणि वहिनी," ते माझ्याकडे वळले, आता अगदी मोकळेपणाने, "हा डावा काढून तुम्हीच करा. बुधवारसारखा. मास्तर पाहून जातील. ते औषध कोणतं ते सांगा, मी आणून ठेवतो. उरलेल्या तीन गाड्याही बुधवारसारख्याच झाल्या पाहिजेत."

"होतील," मी म्हणाले. हे खोटं की खरं, तेव्हा मला ठरवता आलं नाही.

शटर परत खाली आलं. मास्तर बाहेर खुर्ची ओढून बसले, खुर्चीचे पाय घासल्याचा आवाज आत आला. मी डाव्या दिव्यासमोर खाली बसले, फिल्मला गरम हवा दिली आणि एका कोपऱ्यातून ती सोलायला घेतली. बारकीने इतकी छान बसवली होती की कोपरा नखाला लागेना. शेवटी ती सुटली, सगळी एका तुकड्यात, आणि केस तिलाच चिकटून आला. मी तो तुकडा घडी न करता भिंतीशी ठेवला.

लहान दाराची फट अजून उघडी होती. बारकी तिथे उभी होती, छातीशी कागद धरून.

"आई, मी करते ना. काका बाहेर आहेत. पाच मिनिटांत करते."

मी नकाराची मान हलवली. आता तिने हात लावलेला चालणार नव्हता. डावा दिवा माझा होता, तसं मी सांगितलं होतं.

"मग तुझं मनगट?"

"बॅग भर जा. आणि जाताना जिन्यावरचे कपडे घे आत."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. दार हादरलं आणि उघडायला लागलं. बारकीने ते धरलं. माझ्याकडे पाहिलं, ओल्या जमिनीकडे पाहिलं, समोर उघड्या पडलेल्या दिव्याकडे पाहिलं. तिला हे काम येत होतं. धूळ आत आली तर काय होतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

तिने दार ओढून घेतलं. मग बाहेरून कडी पडली.

मी दिव्यावर पाणी मारलं, नवी फिल्म भिजवली आणि दोन कोपरे दोन बोटांत धरले. ती धरते तसे.